बायकोच्या पोटानं निवडलेली गाडी

आमची गाडी मी निवडली, असं मी हिंगोलीत पुष्कळांना सांगितलं आहे. साड्या विकणाऱ्या माणसाला थोडं खोटं शोभून दिसतं. पण आज खरं सांगतो. ती गाडी माझ्या बायकोच्या पोटानं निवडली. माझ्याकडे काम होतं ते वेळेवर गाडी थांबवायचं आणि पाण्याची बाटली पुढं करायचं.

तिला गाडी लागते. एसटी असो, जीप असो, वऱ्हाडाची एसी बस असो, तिच्या पोटात भेदभाव नाही. पहिल्या गतिरोधकाला चेहरा पांढरा, दुसऱ्याला डोळे मिटलेले, तिसऱ्याला मान खिडकीबाहेर. लग्न होऊन ती दारात उतरली तेव्हा माझी आई भाकरतुकडा ओवाळायला उभी होती. नवरीचा अवतार पाहून तिनं भाकरतुकडा बाजूला ठेवला आणि आधी तांब्याभर पाणी आणलं. अशी माझ्या संसाराची सुरुवात.

मोटरसायकल मात्र तिला कधी लागली नाही. त्यामुळे वीसेक वर्षं आमचं छान चाललं होतं. मग माझ्या कंबरेतला एक मणका आपली जागा सोडून फिरायला निघाला आणि डॉक्टरांनी मोटरसायकल बंद केली. तेव्हापासून माहेरी जायचं तर जीप.

तिचं माहेर गोरेगावच्या पुढं एका खेड्यात आहे. भाऊ-भावजय दिवसभर शेतात, घरी एकटी आई. ऐंशी पार केलेली, आता अंगानं शाळकरी पोरीएवढी उरलेली. लेक येणार असा फोन गेला की म्हातारी अंगणातल्या कडुलिंबाखाली बाज टाकून ठेवायची. बाजेवर गोधडी, उशाशी ओलं फडकं आणि झाकलेल्या तांब्यात लिंबू-साखरेचं पाणी. लेक जीपमधून उतरली की थेट बाजेवर. म्हातारी उशाशी बसून तिचं डोकं दाबायची. दोन तासांनी लेकीच्या तोंडावर रंग यायचा, ती चार घास खायची, तोवर रस्त्यावर परतीची जीप हॉर्न वाजवायची.

मागच्या दसऱ्यानंतर असंच एकदा जाऊन आलो. घरी पोचल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "आईचे हात थरथरून राह्यले आता. तरी दाबून राह्यली. मी तिला बघायला जाते, अन् तीच मला बघती. मला एकदा तिच्याजवळ धड बसायचंय हो. बोलायचंय. अजून किती दिवस भेटणार हाय ती?"

साडीच्या एका काठावर अर्धा तास बोलू शकणारा मी, त्या वेळी फक्त तिला पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधी मिस्तरीकडे गेलो.

मिस्तरी म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. स्टँडच्या मागं त्याचं गॅरेज आहे. बोलतो अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि दोन्ही कमीच. मी म्हणालो, "मला छोटी गाडी पाहिजे. जुनी चालंल. पेट्रोल कमी प्यावी, रस्त्यात बसू नये, अन् बायकोला लागू नये."

"पहले दो मैं देख लूंगा," तो म्हणाला. "तिसरं भाभीच्या हातात."

"हातात नाही, पोटात."

पहिली गाडी नांदेडला पाहिली. लालभडक. समोर टीव्हीएवढा पडदा, आरशाला लटकणारी अत्तराची कुपी. दुकानवाला तिच्याभोवती फिरत बोलायला लागला आणि मी ऐकतच राहिलो. काय बोलत होता! "साहेब, ही गाडी तुमचीच वाट बघत होती." हेच वाक्य मी रोज सांगतो, फक्त गाडीच्या जागी साडी. सगळं ओळखीचं असूनही मी विरघळलो. मिस्तरीनं बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्या कानात म्हणाला, "गरम है. हम आने से पहले चालू करके रखी. सकाळी थंडीत सुरू व्हायला त्रास देत असणार." मी दुर्लक्ष केलं. लाल रंग मला शोभतो.

मग चक्कर मारायला निघालो. मी चालवत होतो, बायको शेजारी, दुकानवाला मागं. अत्तराचा वास गाडीत गच्च भरला होता. पहिला गतिरोधक गेला.

"ताईसाहेब, एसी कसा वाटला?" दुकानवाल्यानं विचारलं.

ताईसाहेबांनी उत्तर दिलं, पण तोंडानं बोलून नाही. दुकानवाल्यानं ती गाडी पुन्हा मला दाखवली नाही. आमच्या गाडीखरेदीत घासाघीस न करता सुटलेला असा तो पहिलाच सौदा.

दुसरी गाडी हिंगोलीतच होती. काट्यावर किलोमीटर इतके कमी की जणू मालकानं ती फक्त पूजेला बाहेर काढली होती. मिस्तरी खाली वाकला, ब्रेकच्या पायडलवर बोट फिरवलं. रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. "गाडी चली नहीं, पर पाय बहुत चले," तो मालकाला म्हणाला. मालक आकाशाकडे पाहायला लागला. मला वाटलं, आलोच आहोत तर बायकोचं पोटही विचारून घ्यावं. अकोला रस्त्यावर तीन किलोमीटर. तिसऱ्या किलोमीटरला उत्तर मिळालं.

परत गॅरेजवर आलो. बायको एका आडव्या टायरवर बसून पाणी पीत होती. म्हणाली, "भाऊ, गाड्या चांगल्या हायत. मीच बिघडलेली हाय. ऱ्हाऊ द्या आता."

ते "ऱ्हाऊ द्या" तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं, की आईजवळ बसायचंही तिनं त्याबरोबर सोडून दिलंय, हे मला ऐकू आलं. मिस्तरीलाही आलं असावं. त्यानं हात पुसले.

"भाभी, मैं छोटा था तो ट्रक में बैठते ही उलटी करता था. अब्बा म्हणायचे, या पोराला पायीच न्यावं लागंल. फिर मैं चलाने लगा. उस दिन से आज तक कुछ नहीं. चालवणाऱ्याला गाडी लागत न्हाई."

मी मोठ्यानं हसलो. माझं हसणं दुकानात तीन गिऱ्हाइकांना पुरतं एवढं मोठं आहे. "ही गाडी चालवणार? अरे, ही सायकलवर कधी बसली न्हाई!"

बायको हसली नाही. तिनं भांडं खाली ठेवलं.

"लायसन निघायला किती दिवस लागत्यात, भाऊ?"

माझं हसणं तिथंच तोंडात राहिलं. चालवायचं सुख मी मनातल्या मनात स्वतःला देऊन टाकलं होतं. लाल गाडी, त्यात मी, खिडकीबाहेर कोपर. आता कोपरासकट सगळंच गेलं.

बायको गाडी शिकवणाऱ्याकडे जायला लागली. पहाटे, मैदान रिकामं असताना. पहिल्या दिवशी मी बाटली, फडकं आणि लिंबू घेऊन कठड्यावर बसलो होतो. तिनं मैदानाला अकरा चकरा मारल्या. गाडी सतरा वेळा बंद पडली, एकदा क्रिकेटचे स्टंप आडवे झाले. पण ती उतरली तेव्हा चेहरा लाल होता. पांढरा नव्हता. पदरानं घाम पुसत म्हणाली, "भूक लागली."

मी लिंबू खिशात घातलं आणि तिला पोहे खाऊ घातले.

गल्लीतल्या बायकांना मात्र महिनाभर करमणूक झाली. "काय हो, एसटीत भरती होताव का?" समोरच्या काकूंनी विचारलं. बायको म्हणाली, "होईन की. पैला फेरा तुमच्या सुनंच्या माहेराला." काकूंचं सुनेच्या माहेराशी दहा वर्षं बोलणं नव्हतं. पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

लायसन हातात आलं आणि तिसरी गाडी पाहायला आम्ही हट्ट्याला गेलो. मालक हळदीचा शेतकरी. वसमतच्या बाजारात हळदीचे नमुने, कधी पोतीसुद्धा, याच गाडीतून न्यायचा. आता त्याला टेम्पो घ्यायचा होता. मिस्तरीनं त्याला आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, आम्ही येईपर्यंत किल्ली लावू नको. बॉनेट थंड होतं. एका किल्लीत इंजिन सुरू झालं. मिस्तरीनं तेलाचं झाकण उघडून पाहिलं, टायर पाहिले, वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं, सर्व्हिसच्या पावत्यांची पिशवी पान न पान चाळली. पायडलचं रबर झिजलेलं होतं, आणि काट्यावरचे किलोमीटरही तेवढेच जास्त होते. "ये सच बोलती," तो म्हणाला. त्याच्याकडून एवढी स्तुती मी माझ्याबद्दल कधी ऐकली नाही.

"ॲव्हरेज?" मी विचारलं.

"वसमतला जाऊन येऊन पेट्रोलचा काटा हालला तर मला सांगा," मालक म्हणाला. मग जरा ओशाळून, "फक्त वास हाय. हळदीचा. लई धुतली, जात न्हाई. अन् मागचं सीट पिवळं झालंय."

बायकोनं दार उघडून आत डोकं घातलं. मी सवयीनं बाटली काढली. ती बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली. बाहेर आली तर चेहऱ्यावर हसू. "आपल्या कोठीसारखा वास येऊन राह्यला," ती म्हणाली.

मी आधी चालवून बघतो म्हणून पुढं झालो, मानानं बसलो, आणि माझं डोकं धाडकन टपाला लागलं. मालक ठेंगणा होता. समोरचं नीट दिसावं म्हणून त्यानं चालकाचं सीट गादीवाल्याकडून चांगलं वीतभर उंच भरून घेतलं होतं.

"त्याच्यामुळंच गिऱ्हाईक परत जाऊन राह्यले," तो म्हणाला.

"उतरा तुमी," बायको म्हणाली.

ती बसली. पाय बराबर पायडलपर्यंत पोचले. मान ताठ न करता तिला बॉनेटचं टोक दिसत होतं. तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आत्तापर्यंतच्या गाड्या मी माझ्या मापानं पाहत आलो होतो. बायकांना माप घेऊन ब्लाउज शिवायचा सल्ला देणारा मी, आणि गाडी घेताना तिचं माप विचारायचं सुचलं नाही.

"दादा," मालक मला म्हणाला, "क्लच जरा हलका हाय, तुमाला सवय—"

"मला सांगा," ती म्हणाली. "मी चालवणार हाय."

मालकानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या टपाला लागलेल्या डोक्याकडे पाहिलं, आणि पुढं सगळं तिलाच सांगितलं. कुठलं दार जोरात ओढावं लागतं, थंडीत किती वेळ थांबायचं. सौदाही तिनंच केला, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. निघताना त्यानं टपावर दोनदा थाप मारली आणि गाडी जाताना दिसू नये म्हणून वळून अंगणातल्या वखराकडे पाहत उभा राहिला.

कागद नावावर झाले आणि माघाच्या एका सकाळी आम्ही निघालो. मिस्तरीच्या सांगण्यावरून मी शेजारी बसून फक्त गप्प राहायचं होतं. हे मला जगातलं सगळ्यात अवघड काम. सेनगावपर्यंत मी माझ्या पायाखाली नसलेला ब्रेक निदान दोनशे वेळा दाबला. दोन्ही बाजूंना हरभरा घाट्याला आला होता. ती समोर बघत होती, ओठ घट्ट मिटून. गतिरोधक आले आणि गेले. गोरेगावच्या बाजारात बैलगाडी आडवी आली तेव्हा तिनं गाडी थांबवली, गाडीवानानं चालवणारी बघून बैल जरा जास्तच वेळ रोखून धरले, आणि ती पुढं निघाली.

गावात शिरल्यावर तिनं गाडी घराच्या बाजूला उभी केली. इंजिन बंद झालं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. गालावर रंग, डोळे लख्ख.

"न्हाई लागली," ती हळूच म्हणाली. जणू मोठ्यानं म्हटलं तर पोटाला ऐकू जाईल.

आम्ही अंगणात गेलो. कडुलिंबाखाली बाज टाकलेली होती. वर गोधडी, उशाशी ओलं फडकं, झाकलेला तांब्या. म्हातारी उशाशी आधीच बसून होती, दोन्ही हात मांडीवर, कामाला तयार.

"आलीस माय? पड, पड आधी."

बायको थांबली. सांगायची बातमी तिच्या ओठावर होती. वाटभर जपून आणलेली. तिनं आईच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर बारीक थरथरत होते. मग माझ्याकडे एकदा बघितलं, डोळ्यानंच दटावलं की तोंड उघडू नका, आणि बाजेवर आडवी झाली.

"व्हय आई. जरा मळमळून राह्यलं."

मी पाठ फिरवून कडुलिंबाचं निरीक्षण केलं.

म्हातारी डोकं दाबायला लागली. आणि या वेळी लेक बोलायला लागली. मैदान, स्टंप, सतरा वेळा बंद पडलेली गाडी, समोरच्या काकू, हळदीचा वास. म्हातारी मधेच हसायची तेव्हा हात थांबायचे, पुन्हा चालू व्हायचे. मग म्हातारीनं सुरू केलं. कुणाच्या शेळ्या व्याल्या, पाय कुठं दुखतो, रात्री झोप का येत नाही. हे पायाचं आणि झोपेचं तिनं फोनवर कधीच सांगितलं नव्हतं. बोलता बोलता लेकीनं हात लांब करून आईचा पाय आपल्याकडे ओढून घेतला आणि पडल्या पडल्या तो दाबायला लागली.

मी तांब्यावरची ताटली काढली. पाणी वाया जाऊ नये.

बऱ्याच वेळानं म्हातारी म्हणाली, "तुला गाडी लागली न्हाई आज. तोंड पाहूनच कळलं मला."

"मग काहून दाबून राह्यलीस?"

"तू काहून पडून राह्यलीस?"

दोघी हसल्या. रस्त्यावर परतीची जीप आली. तिनं नेहमीसारखा हॉर्न वाजवला, जरा थांबली, पुन्हा एकदा वाजवला आणि निघून गेली. बाजेवरून कुणी उठलं नाही.