यांच्या डोक्यातला शहाणा करंट

उदबत्तीची राख रोज पुसावी आणि रोज तेवढीच जमावी, तसे आमच्या दवाखान्याच्या वेटिंग रूममधले किस्से!

यांना कंपवात. उजवा हात असा थरथरायचा की आचमनाचं पाणी तोंडाऐवजी सोवळ्यावर. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा धाकटे दीर म्हणाले, "कन्यादानाला मी बसतो. दादाला कशाला त्रास?" हे त्या रात्री जेवले नाहीत. मी सोळा सोमवार धरले, यांनी ऑपरेशनला होकार दिला.

*

मेंदूत बारीक तारा, छातीत बॅटरी. आणि तारा बसवताना माणूस चक्क जागा! डॉक्टर म्हणाले, "अंकल, कुछ बोलते रहो." यांनी रामरक्षा सुरू केली. करंट वाढला की जीभ जड, कमी केला की शब्द मोकळे. त्यावरूनच तारेची जागा पक्की झाली. "बस अंकल, हो गया!"

हे म्हणाले, "ऐसे कैसे? फलश्रुती बाकी है!"

सगळं थिएटर फलश्रुती संपेपर्यंत थांबलं.

*

नामपल्लीच्या रझिया आपा तपासणीला नेहमी भेटतात. त्यांच्या मियाँचं मशीन जुनं, दिवसभर एकाच जोरावर चालणारं. मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "आमचं नवीन आहे आपा. मेंदूतला सिग्नल वाचून करंट स्वतःच कमी-जास्त करतं. कुणी सांगायला नको."

आपांनी यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बिना बोले समझने वाली चीज? मर्द के दिमाग में? अल्ला, डॉक्टर साब कमाल कर दिये!"

*

मशीनमुळे मेटल डिटेक्टरमधून जायचं नाही, कार्ड दाखवून बाजूनं जायचं. देवळाच्या गेटवर नवा गार्ड होता.

"चाचा, मशीन है तो निकाल के टेबल पे रखो."

"छाती में है."

"हौ, तो निकालो ना!"

हे शांतपणे म्हणाले, "निकाला तो हात तेरे को पकड़ना पड़ता. दिन भर."

पोरानं हात जोडून आम्हा दोघांनाही आत सोडलं!

*

मशीन सगळ्याची नोंद ठेवतं. डॉक्टर स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "अम्मा, रोज शाम को सिग्नल एकदम शांत. कौन सी गोली देते?"

मला आठवेना. हेच लाजत म्हणाले, "गोली नहीं साब. आरती को घंटा मैं बजाता."

डॉक्टरांनी ते फाइलीत लिहून घेतलं. "ठीक है. डोस मत बदलो."

पण मी कन्यादानाचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "उस दिन टेन्शन होगा. देखेंगे."

*

लग्न तारनाक्याच्या हॉलमध्ये. दीर रेशमी कद ​नेसून, उपरणं सावरून पाटाशेजारी तयार उभे, न जाणो! हे पाटावर बसले. भटजींनी संकल्प सांगितला. मी झारीतून पाण्याची धार धरली. यांच्या ओंजळीतून जावयाच्या ओंजळीत, तिथून लेकीच्या. माझं लक्ष मंत्राकडे नव्हतंच, मी फक्त हातांकडे बघत होते.

आणि हात थरथरायला लागले! पाणी इकडे तिकडे उडालं. दीर पुढे सरकले.

यांची ओंजळ मात्र देव्हाऱ्यातल्या समईसारखी स्थिर. थरथरत होती ती खालची.

हे जावयाच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "जावईबापू, डॉक्टरांचा नंबर देऊ का?"