भिंतीकडे तोंड

मी आज जो काही आहे तो पौडच्या नंदाताईंमुळे. एसटी स्टँडसमोर लोकांचे अर्ज भरून द्यायचं त्यांचं दुकान आहे. तिथल्या कीबोर्डवर माझी बोटं पहिल्यांदा पडली. आमच्या कातकरी वाडीतला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या दुकानात बसून.

म्हणून आधी त्यांचं नाव. आता बाकीचं.

"चल, तोंड फिरव."

हिंजवडीतल्या कंपनीत हे वाक्य मी पाच महिने ऐकलं. आमचं काम जोडणीचं. कंपनीचं एक पोर्टल असतं. कर्मचारी तिथे एकदा आत शिरला की रजा, पगार, बस, सगळं तिथूनच बघतो. पण रजेचं अ‍ॅप वेगळं, पगाराचं वेगळं, बाहेरच्यांनी बनवलेलं. प्रत्येकाशी पोर्टल जोडावं लागतं. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट नंबर, खात्याचं नाव, उत्तरासाठी किती सेकंद थांबायचं, सगळं अचूक भरायचं. एक अक्षर चुकलं की कुणालाच काही दिसत नाही.

ते सगळं मी भरायचो. शेवटी राहायचा पासवर्ड. तेव्हा टीमचे प्रमुख, आमचे सर, माझ्या खुर्चीत येऊन बसायचे. आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा. स्क्रीनवर पासवर्डच्या जागी नुसते ठिपके उमटतात. तरीही.

वाटलं, नियम असेल. नोकरी मिळाली याचेच मी मनात आभार मानत होतो.

ऋचा माझ्याबरोबरच रुजू झालेली. एका दुपारी तिच्याकडे तसंच काम आलं. सर चहाचा कप घेऊन लांबूनच म्हणाले, "अगं, तूच टाक ना," आणि पासवर्डचं एकेक अक्षर सांगत गेले. मी शेजारीच. माझ्याकडे लक्ष गेलं तसे थांबले.

"तू जरा पाणी पिऊन ये."

मी गेलो नाही. विचारलं, "सर, मलाच का?"

ते हसले. "अरे, मनावर नको घेऊस. कोळवणला आमचं फार्महाऊस आहे, तुमच्या वाडीच्या खालीच. तिथे पाण्याची मोटरसुद्धा साखळीने बांधून ठेवतो आम्ही. सवय रे, दुसरं काय!"

दोघे-तिघे हसले. ऋचा हसली नाही.

माझी आई तिथल्याच बंगल्यांवर गवत काढायला जाते. निघताना गाठोडं सोडून दाखवते. रोज. मी एकदा चिडलो तर म्हणाली, "दावल्यानं काय झिजतंय व्हय?"

त्या दिवशी कळलं. झिजतं. मी शिकलो, इस्त्रीचा शर्ट घातला, गळ्यात ओळखपत्र अडकवलं, आणि तरी गाठोडं सोडूनच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी बसच्या अ‍ॅपची जोडणी होती. सगळं भरलं. सर आले.

"तोंड फिरव."

"नाही फिरवणार."

"काय म्हणालास?"

"नियम असेल तर सगळ्यांना लावा. नसेल तर मी इथेच उभा आहे. असाच."

"काम अडलं तर तुझ्या नावावर टाकीन."

"टाका. मीही लिहून देतो."

दुकानात तोंडी तक्रार घेऊन आलेल्याला नंदाताई म्हणायच्या, "बोलल्यालं वाऱ्यावर जातंय. लिव्हून दे आन् पोच घे." मी लिहिलं. घडलं तेवढंच, एक विशेषण नाही. सरांच्या वरच्या मोठ्या साहेबांच्या ऑफिसात दिलं आणि पोच घेतली. प्रोबेशन संपायला पंधरा दिवस उरले होते.

आठवड्याने, हिंजवडीजवळच्या जांबे गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर बसून नंदाताईंना पत्र लिहिलं. ते असं:

"नंदाताई, नमस्कार.

तक्रार मागे घेतली तर नोकरी पक्की करू, असा निरोप आला आहे. 'गैरसमजातून लिहिलं' एवढं एकच वाक्य द्या म्हणतात. ऋचाला विचारलं, पाहिलंस ते सांगशील का. विचार करते म्हणाली. तिच्यासाठी मी थांबलेलो नाही.

दर महिन्याला ठरलेला पगार आमच्या घरात पहिल्यांदा माझाच आला. तो बंद होईल. आईला अजून सांगितलेलं नाही. या रविवारी येऊन मीच सांगेन, तुम्ही सांगू नका.

पण गैरसमज नव्हता. ते काय म्हणाले ते मला नीट समजलं होतं. सोमवारी बोलावलं आहे. जाणार आहे. काढलं तर दुसरीकडे काम शोधेन. काम मला येतं. ते वाक्य मात्र माझ्या हातून कुठेही लिहिलं जाणार नाही."