म्होरची गाडी

निजामाच्या काळात परभणीत चार जणांनी एकत्र बसायचं तर इजाजत लागायची, म्हणून बोर्डिंगातलं आमचं विद्यार्थी मंडळ कागदोपत्री फक्त वर्तमानपत्रं वाचायचं. मी त्याचा मंत्री होतो आणि त्या पदाची मला भलतीच मिजास होती.

दिवाळीला जिंतूरच्या पोरांना घरी पोचवायचं मी अंगावर घेतलं. मोटार परवडत नव्हती आणि एवढं अंतर चालणं धाकट्यांना झेपलं नसतं. पण त्या दिवसांत बोरी-जिंतूरकडून कापसाच्या गाड्या परभणीच्या जिनिंगला यायच्या आणि परतताना रिकाम्या जायच्या. गाडीवानांना तहसिलात द्यायला उर्दू अर्ज लागायचे, आणि आमची तर शाळाच उर्दूतली. आम्ही अर्ज लिहायचे, त्यांनी आम्हाला गाडीत बसवायचं. ही युक्ती सुचली त्या दिवशी मी स्वतःवर खूश होऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. एकेका गाडीवानाला गाठून होकार घेतला आणि पोरांना घरी पत्रं टाकायला लावली, की नरकचतुर्दशीच्या आंघोळीला आम्ही घरी असू.

आदल्या सकाळी पोरं वळकट्या घेऊन जिनिंगच्या फाटकाशी हजर. गाड्या होत्या, बैल होते, पण जुंपायला कोणी उठेना.

“मावशी आज बैलांना आराम देणार हाय,” एक गाडीवान म्हणाला. “म्होरची गाडी तिची. ती निघाल्याबिगर आमी कसं निघावं?”

मावशी म्हणजे बोरीची एक विधवा. तिची गाडी सगळ्यांत पुढं असायची. तिचे बैल वाट जाणत, बाकीचे बैल त्यांच्यामागं आपसूक चालत आणि मागचे गाडीवान निर्धास्त डुलक्या घेत. मी झाडून सगळ्यांना विचारलं होतं, तिला सोडून. बाईमाणूस काय ठरवणार, असं मला वाटलं होतं, हे कबूल करतो.

तिच्यापुढं जाऊन अर्ज लिहून देतो म्हणालो.

“मला कुटं अर्ज करायचाय?”

देण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. मागून धाकटी पोरं माझ्याकडे बघत होती. “मावशी, चुकलो,” मी म्हणालो. “तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं. पोरांच्या घरी पत्रं गेलीत.”

तिनं पोरांवरून नजर फिरवली. “बैलं कडबा खायलेत. दुपार कलू दे.”

दुपार कलल्यावर तिनं गाडी जुंपली आणि मागं न बघता निघाली. एकेक करून सगळ्या गाड्या हलल्या. कोणाला हाक नाही, दटावणी नाही. मी तिच्या शेजारी बसून पाहत राहिलो. आमच्या मंडळात दहा पोरं गप्प करायला मला टेबल बडवावं लागायचं.

पहाटे बोरी आली. दारोदार पणत्या, चुलींचा धूर. बोरीच्या गाड्या गावात वळल्या. मावशी थांबली की जिंतूरच्या गाड्याही तिथंच बैल सोडून दुपारपर्यंत थांबायच्या, ही रीतच होती. तिचं घर रस्त्यालाच होतं. सून तेलाची वाटी घेऊन दारात उभी.

“पानी चुलीवर राहू दे,” मावशी सुनेला म्हणाली. बैल सवयीनं दाराकडे वळत होते, तिनं कासरा ओढून त्यांना पुन्हा रस्त्यावर घेतलं.

“मावशी, तुमचं घर मागं राहिलं.”

“दिसतंय मला. पत्रं जिंतूरला गेलीत नव्हं?”

मी थक्क झालो. अजूनही आठवलं की होतो. जिंतूर आलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं, पण एकाही आईनं पाणी चुलीवरून उतरवलं नव्हतं. कोणीतरी दिलेला लाडू पदराला बांधून मावशी एकटीच माघारी वळली.

पुढं मी मालाच्या लॉऱ्या घेतल्या, ड्रायव्हर ठेवले. परतीच्या रिकाम्या गाडीत धंदा दिसला, काय डोकं, असं लोक म्हणतात. डोकं होतंच. पण नरकचतुर्दशीला शेवटचा ड्रायव्हर घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत मी अंगाला तेल लावत नाही. ऊन डोक्यावर आलं तरी बायको काही विचारत नाही. पाणी चुलीवर असतं.