सिस्टरची बिनचेनची गाडी

त्या भागात ‘सिस्टर’ म्हटलं की लोक पुढचं काही विचारत नसत. थेट राखाडी मोटरसायकलवाल्या घराकडे बोट दाखवत. इस्पितळात नर्स डझनाने आल्या नि गेल्या, पण तेहतीस वर्षं घरोघर हिंडून बाळंतपणं केली ती याच बाईंनी. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी टेकडीवरच्या वस्तीत कुणी पोटुशी आहे असं कानावर आलं, की सिस्टर हेल्मेट चढवून निघाल्याच. बोलावलंय का, असं त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

गाडीही साधीसुधी नव्हती. तिला चेनच नाही. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत नळीच्या आतून एक पोलादी दांडा जातो, त्याला शाफ्ट म्हणतात. तोच चाक फिरवतो. तरुणपणी सिस्टरकडे चेनची गाडी होती. चेनचं तेल उडून पांढऱ्या युनिफॉर्मवर मागून अशी काही नक्षी उठे, की एका सासूबाईंनी त्यांना दारातच अडवलं. "आम्ही नर्सला बोलावलंय, मेकॅनिकला नाही." सिस्टरनी मुकाट्याने ते बाळंतपण उरकलं आणि त्याच महिन्यात गाडी बदलली. शाफ्टला रोजची कटकट नसते. वर्षातून एकदा मात्र मागचं चाक काढून त्याची सेवा करावीच लागते. ती आजवर एक म्हातारा मिस्त्री करायचा आणि सिस्टर शेजारी स्टुलावर बसून त्याच्या चुका काढायच्या.

यंदा मिस्त्रीने दुकान बंद केलं आणि तो लेकीकडे राहायला गेला. जाताना आपला लाडका टॉर्क पाना, नट हवा तेवढा आवळला की ‘कट्’ वाजणारा, सिस्टरच्या हातात ठेवून गेला. चुका काढून काढून बाई तयार झाली, असं बहुधा त्याला वाटलं असावं.

इन्स्पेक्टरला इथे संधी दिसली. इन्स्पेक्टर म्हणजे सिस्टरचा एकुलता एक मुलगा. पोलिसातला नव्हे, लिफ्टवाला. इमारतींच्या लिफ्ट तपासता तपासता त्याची अशी पक्की समजूत झाली होती की जगातली प्रत्येक वस्तू एक ना एक दिवस तुटते, आणि नेमकं आपलं माणूस आत असताना तुटते. दोन महिन्यांपूर्वी सिस्टर खडीवरून घसरल्या, कोपर सोलून घरी आल्या, स्वतःच पट्टी बांधली आणि "खडीची चूक" म्हणून मोकळ्या झाल्या. त्या दिवसापासून फोन वाजला की इन्स्पेक्टर हातातलं काम टाकून धावायचा. मला भीती वाटते, एवढं साधं वाक्य काही त्याच्या तोंडून निघेना. त्याऐवजी तो भांडायचा.

"आता हिचं काम करणारं कुणी उरलं नाही," तो जेवताना म्हणाला. "विकून टाकू या."

"मी आहे ना."

"तू? आई, सत्तरीची झालीस!"

"सदुसष्ट. तपासनीस म्हणवतोस ना? मग आकडे तरी नीट सांग."

शब्दाने शब्द वाढत गेला आणि गोष्ट पैजेवर आली. रविवारी नाश्त्यानंतर सुरू करून जेवणाच्या आत सिस्टरनी सगळं काम एकटीने करायचं. जमलं तर गाडी विकण्याचा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. नाही जमलं तर गाडी गेली. सून गणिताची शिक्षिका. तिला तोंडी कारभार मंजूर नव्हता. तिने कागदावर लिहूनच काढलं: कुणी हात लावायचा नाही, कुणी काही सांगायचं नाही. दोघांच्या सह्या घेतल्या आणि कागद फ्रीजवर लावला.

"गाडी गेली तर काय होईल सांगू?" सही करता करता सिस्टर म्हणाल्या. "या चार खोल्यांत म्हातारी होईन मी. मग बसा माझ्या गोळ्या मोजत." म्हणाल्या हसतच, पण इन्स्पेक्टरने मान वर केली नाही.

रविवारी सिस्टरनी आधी दोन चौक फिरून गाडी गरम केली, कारण गरम तेल भराभर गळतं. मग अंगणात मेन स्टँडवर घेतली, मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीखाली ताट ठेवलं आणि बोल्ट काढला. काळपट तेल धारेने उतरलं. बोल्टच्या लोहचुंबकाला राखाडी लव चिकटली होती. सिस्टरनी ती चिमटीत चोळली. "भुकटी आहे, तुकडे नाहीत. प्रकृती ठणठणीत." बोल्ट पुसून परत घट्ट बसवला.

मग चाक. अ‍ॅक्सल, म्हणजे चाकाचा आस, ठोकून बाहेर काढला, ब्रेक दोरीने वर टांगला, चाक बाजूला सरकवून ओढून घेतलं. आत सगळी गंमत: चाकाच्या मधोमध गोल दाते, गिअरपेटीवर तसेच दाते, एकमेकांत बसणारे. वर्षभरात त्यांच्यावरचं ग्रीस वाळून तांबूस चुरा झाला होता. सिस्टरनी रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक दात असा घासला की शेजारच्या दंतवैद्याने लाजावं. मग काळ्या ग्रीसचा पातळ हात फिरवला. "जास्त फासलं की उडून ब्रेकवर जातं," त्या गिअरपेटीला म्हणाल्या, पण आवाज ओट्यावर बसलेल्या मुलापर्यंत पोहोचेल इतका होता.

खरी परीक्षा चाक परत चढवण्यात होती. ते काही थोडंथोडकं जड नव्हतं. पहिल्यांदा कमरेतून कळ आली. दुसऱ्यांदा चाक हातातून निसटलं आणि घरंगळत सुनेच्या गुलाबाच्या कुंडीवर आपटलं. इन्स्पेक्टर उठला, बसला, परत उठला आणि शेवटी स्वतःचेच हात पाठीमागे धरून उभा राहिला.

सिस्टर जमिनीवर बसल्या. दोन्ही पाय पसरले, टायर पावलांवर घेतला आणि गुडघे हळूहळू वर आणले. चाक पायांनी वर चढलं! आता दाते जुळेनात. एखाद्या तरुण माणसाने धक्का मारला असता. सिस्टरनी डोळे मिटले, तळव्याने चाक केसभर पुढे, केसभर मागे फिरवलं.

"घाई नाही गं," त्या पुटपुटल्या. "आपलं आपण सापडेल. मी आहे इथेच."

याच आवाजात ही बाई घराघरांतून बायकांशी बोलली असणार, हे इन्स्पेक्टरला त्या क्षणी कळलं. आईचं काम त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

चाक सुळकन आत गेलं. अ‍ॅक्सल बसला, ब्रेक बसला, टॉर्क पाना ‘कट्’ म्हणाला. सुनेने घड्याळात पाहून टाळ्या वाजवल्या. जेवणाला अजून चाळीस मिनिटं होती.

सिस्टरनी हात धुतले नाहीत की पाण्याचा घोट घेतला नाही. हेल्मेट चढवलं आणि इंजिन सुरू केलं. "वस्तीवर जाऊन येते. आठवा महिना आहे एकीचा."

तेवढ्यात इन्स्पेक्टरची नजर पायरीकडे गेली. नव्या तेलाची बाटली तिथेच उभी होती. टोपणाचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं.

गिअरपेटी कोरडी ठणठणीत होती. चाकाच्या नादात बाई तेल भरायचं साफ विसरली होती. आता त्याने फक्त गप्प बसायचं होतं. चढावर कुठेतरी गिअर करकरले असते, पेटीची वाट लागली असती आणि गाडीचा विषय कायमचा मिटला असता. कागदावरचं एकही कलम न मोडता तो जिंकला असता. पण बिनतेलाच्या गिअरपेट्या त्याने पाहिल्या होत्या. चढावर अडकलेलं चाकही त्याला दिसलं, आणि त्यावर बसलेली आईही.

"आई, थांब!" तो केवढ्यांदा ओरडला. "तेल!"

सिस्टरनी इंजिन बंद केलं. बाटलीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला, तर कपाळही काळं झालं. गाडी परत स्टँडवर घेऊन त्यांनी सावकाश, भोकाच्या काठाशी येईपर्यंत तेल भरलं. मग त्यांनी चावी काढून मुलापुढे धरली.

"सांगायचं नाही असं ठरलं होतं. तू सांगितलंस. हरले मी."

"अहो आई, असं काय..." सून म्हणाली.

"सही आहे माझी."

इन्स्पेक्टरने चावी घेतली. क्षणभर तळहातावर तोलली आणि गाडीला परत लावली.

"मला भीती वाटते, आई," तो म्हणाला. "बाकी काही नाही. पुढच्या वर्षी चाक मी उचलणार. तेल भरायची आठवण मात्र तुझ्याकडे ठेवायची नाही."

सिस्टरनी बराच वेळ हेल्मेटचा पट्टा नीट केला. तो मुळात नीटच होता.

"मग आत्ता मागे बस," शेवटी त्या म्हणाल्या. "नवं तेल घातलं की पहिल्या फेरीला मागे वजन लागतं."

असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, हे इन्स्पेक्टरला पक्कं ठाऊक होतं. तो निमूटपणे दुसरं हेल्मेट आणायला आत गेला.