आठव्या लेनमधला शालिक

स्पर्धेला आठवडा उरला होता, तेव्हा सुभेदार साहेबांनी मला मैदानावर हाक मारली.

"हवालदार, शालिकराम के पिताजी को दिल्ली लेके आओ."

"साहब, वो नहीं आयेंगे."

"मैंने पूछा नहीं है."

विषय संपला. दुपारी रेल्वे-प्रवासाचं वॉरंट हातात पडलं आणि संध्याकाळच्या गाडीनं मी तुमसर रोडला निघालो.

नाईक शालिकराम आणि मी एकाच कंपनीतले. तो तुमसरजवळच्या गावचा, मी दिघोरीचा. परक्या मुलखात जिल्हेवाला भेटला की माणूस नातं लावूनच मोकळा होतो. आम्ही दोघंही चारशे मीटर धावायचो. मैदानाची एक पूर्ण फेरी, तीही सगळा दम लावून. ज्यानं धावून पाहिली नाही त्यानं तिला सोपी म्हणू नये. शेवटच्या सरळ पट्टीवर पाय आपले राहत नाहीत. निवड चाचणीत मी शालिकच्या मागं राहिलो. देशाची बनियन त्याला मिळाली, ती योग्य माणसाला मिळाली. आशियातल्या देशांची स्पर्धा होती. आमच्या जिल्ह्यातला कोणी तिथवर गेल्याचं मी तरी ऐकलेलं नव्हतं.

पण गडी खूश नव्हता, ते साहेबांनीही हेरलं होतं. कारण फक्त मला माहीत होतं. त्याचा बाप त्याच्याशी बोलत नव्हता.

आमच्याकडं धान निघालं की शंकरपट भरतो, बैलजोड्यांची शर्यत. जोडी हाकणारा तो धुरकरी. शालिक अंगानं हलका, हात शांत, म्हणून पोरवयापासून बापाच्या जोडीचा धुरकरी तोच. एका वर्षी ऐन पटाच्या सकाळी तो कोणाला न सांगता भरतीला निघून गेला. काकांची, म्हणजे त्याच्या बापाची, जोडी धुरकऱ्यावाचून उभी राहिली आणि चार गावं हसली. त्या दिवसापासून काकांनी अबोला धरला. शालिक सुटीवर आला की काका गोठ्यात जायचे. जेवायचं बोलावणंही आईच्या तोंडून. चार वर्षं असं चाललं होतं. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसानं?

मी पोहोचलो तेव्हा काका बैलांना पाणी दाखवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी बादली खाली ठेवली.

"मी बोलाले नाही येत."

"नका बोलू. पाहाले तर चला."

"पाहाले येतो."

प्रवासभर त्यांनी शालिकचं नाव काढलं नाही. आग्र्याला चहा घेतला तेव्हा एवढंच विचारलं, "खायले चांगलं भेटते का तिथं?" मी म्हणालो, भेटते.

शालिक उपांत्य फेरीतून पुढं निघाला आणि फायनलला त्याला आठवी लेन आली. ही सगळ्यात बाहेरची. आतल्यांना पुढचा गडी दिसतो, आठवीवाल्याला कोणी दिसत नाही. तो एकटाच धावतो आणि मागचे किती जवळ आले हे त्याला कळत नाही. मैदानावर जाण्याआधी मी त्याला गाठलं.

"काका आले आहेत. वळणाजवळ बसलो आहोत."

तो बुटाची नाडी बांधत होता. "काही म्हणाले?"

"नाही."

"बरं," म्हणाला आणि गेला.

आमची जागा पहिल्या वळणावर, अगदी कठड्याजवळ होती. चारशेत प्रत्येकाला एकाच रेघेवर उभं करत नाहीत. बाहेरच्याला पुढं ठेवतात, त्याच्या बाहेरच्याला आणखी पुढं. त्यामुळं शालिक आमच्या जवळजवळ समोरच आला. बाकी सात जण त्याच्या मागं, तिरप्या ओळीत.

काका उठून उभे राहिले.

"हा पुढं काहून?"

"काका, बसा. नियम आहे."

"कायचा नियम? बाकीचे मागं अन् आपला पोट्टा पुढं? गरिबाचा म्हणून सूट देऊन राहिले का याले?"

पटात दोन्ही जोड्या एका रेषेवर लागतात. कोणी वीतभर पुढं सरकला तर काठ्या निघतात. काकांचं सगळं आयुष्य त्या रेषेवर गेलेलं. मी हात धरेपर्यंत ते कठड्याला भिडले होते. इकडं स्टार्टरनं "ऑन युवर मार्क्स" म्हटलं. मैदान गप्प झालं. "सेट."

"शालिक! मागं हो रे!"

चार वर्षांनी बापानं मारलेली ती पहिली हाक. शालिक पिस्तुलाआधीच उठला.

फॉल्स स्टार्ट. त्या काळी एक माफ होता. दुसऱ्याला सरळ बाहेर. लाल कोटातला अधिकारी शालिकजवळ आला, बोट वर करून ताकीद दिली. शालिक मान हलवत होता, पण बघत होता आमच्याकडं. आणखी एक हाक आणि पोराची सगळी मेहनत मातीत.

एक शिपाई काकांकडं धावला. मी त्याला म्हणालो, "फौजी हूँ, मैं सम्भालता हूँ," आणि काकांना खाली बसवलं.

"काका, खळ्यावर मळणीले बैल फिरवता ना? मधल्या मेढीजवळचा बैल किती चालते? अन् कडेचा?"

"कडेच्याले जास्त फिरा लागते."

"शालिक कडेचा बैल आहे. सगळ्यांले सारखंच धावायचं आहे, म्हणून त्याले पुढं ठेवलं. सूट नाही."

काकांनी मैदानाभोवती एकदा नजर फिरवली. मग आठही जणांवर.

"मंग बरोबर हाये," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "मी काय करून बसलो बे हे?"

"आता चूप राहा. बस."

त्यांनी दुपट्ट्याचा बोळा करून तोंडावर दाबला आणि तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या वेळी शालिक पिस्तूल वाजून गेल्यावरच उठला. सगळ्यात शेवटी. भीती होती, ती असणारच. समोरच्या लांब पट्टीवर आतले दोघं त्याला खाऊन गेले. दुसऱ्या वळणावर तो सहावा असावा. शेवटच्या पट्टीवर मात्र त्यानं मान खाली घातली आणि एकेक करून दोघांना मागं टाकलं. तिसऱ्याच्या खांद्याशी पोहोचला आणि रेघ आली. चौथा. पदक नाही.

मी तोंडात आलेली शिवी गिळली. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. सुरुवात नीट झाली असती तर पोरगा तिसरा होता.

बाहेर नळाजवळ बापलेक समोरासमोर आले. शालिक वाकून पाया पडला. काकांनी तोंड नळाकडं फिरवलं. मला वाटलं, झालं, पुन्हा गोठा.

"माह्या पायी तुह्यं बक्षीस गेलं."

"जाऊ द्या, बाबा."

"पाय दुखून राहिले का?"

"दुखते थोडे."

काका खाली बसले आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, पोराच्या पोटऱ्या चोळू लागले. सुभेदार साहेब येत होते. त्यांनी पाहिलं आणि उलट्या पावली फिरले.

पुढच्या वर्षी आमची पलटण बर्फातल्या सीमेवर गेली. एका सकाळी पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघाली, पुढं शालिक. मी खाली वायरलेस सेटवर होतो. दुपारी आवाज आला.

"पेट्रोल वापस. एक कम. ओव्हर."

"नाम बोलो. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग नाव आलं. बर्फाचा कडा तुटला होता. मागच्यांना हातानं थांबवून तो एकटा पुढं तपासायला गेला होता, म्हणून बाकीचे वाचले. मी लॉगमध्ये नोंद केली आणि सेटवरून उठलो नाही. ड्यूटी संपायची होती.

पेटीसोबत मीच गावी गेलो. सलामी झाली, अग्नी दिला, लोक तळ्यावर आंघोळीला गेले. काका बांधावर बसून होते. मी शेजारी बसलो.

"चार वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही," ते म्हणाले. "तेवढी वापस भेटतेत का तुमच्या फौजेत?"

"नाही भेटत, काका."

त्यांनी मान हलवली. मी रडलो. ते नाही रडले.

काका होते तोवर दरवर्षी, शालिक गेला त्या दिवशी, मी दिघोरीहून त्यांच्याकडं जायचो. अंगणात शालिकचा वर्दीतला फोटो खुर्चीवर ठेवलेला असायचा आणि काका समोर बसून त्याच्याशी बोलायचे. मोठ्यानं, शेजारीपाजारी ऐकत असले तरी. यंदा धान कसं झालं, कोणती गाय व्याली, आईचा गुडघा कसा आहे. दुपार उलटून जायची. त्यांचं आटपेपर्यंत मी मध्ये बोलत नसे.