पुढचं विलायतेत

"बोर खायचं नाई, बेटा. बोर धरायचं."

खालाच्या दारावरून जाताना हे वाक्य कानावर पडलं असतं, तर तुम्हीही माझ्यासारखे चालता चालता थबकला असता. आत डोकावला असता तर दिसलं असतं, की घडी घातलेल्या गाद्यांच्या उतरंडीवर एक चार वर्षांचं लेकरू बसलंय, समोर भिंतीला टेकून एक अवाढव्य काळी पेटी उभी आहे, आणि लेकराच्या दोन्ही तळहातांखाली एकेक बोर आहे. बोटं पट्ट्यांवर टेकायची, पण तळहात असा पोकळ ठेवायचा की आतलं बोर चेपूही नये आणि घरंगळूही नये. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बोटं आपोआप गोल व्हायची. बोर मात्र फार वेळ टिकत नसे. खालाची नजर वळली की ते तोंडात जाई. मग खाला लेकराच्या गालात बोट घालून बी काढायची, पदराला हात पुसायची आणि ओच्यातून दुसरं बोर द्यायची. "धरायचं."

ती पेटी म्हणजे पियानो होता. कारंज्यात, आमच्या मोहल्ल्यात, एका पिंजाऱ्याच्या घरात. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला त्याची सवय आहे.

खाला त्या पिंजाऱ्याची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला आणि ती जिनिंगच्या साहेबाच्या बंगल्यावर आया म्हणून राहिली. साहेबाची तिन्ही लेकरं तिच्याच मांडीवर वाढली. मेम रोज सकाळी लेकरांना पियानोवर बसवी, आणि लेकरू पडू नये म्हणून खालानं त्याला मागून धरायचं, अशी वहिवाट होती. मागून धरता धरता खाला शिकली. पण त्या लोकांची रीत अशी, की लेकरू सहा वर्षांचं झालं की शिकायला विलायतेला पाठवायचं. त्यामुळे खालाच्या वाट्याला तिन्ही वेळा सुरुवातच आली. पुढे साहेब-मेमही विलायतेला परतायला निघाले. पियानो नेण्याचा खटाटोप कोण करणार, म्हणून मेमनं तो खालाला देऊन टाकला.

तो बैलगाडीतून मोहल्ल्यात आला तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी माझी शोभा झाली.

मी तेव्हा कापसाच्या प्रेसमध्ये कारकून होतो आणि गणपतीच्या मेळ्यात हार्मोनियम वाजवत असे. मोहल्ल्यात वाद्यातलं कळणारा मी एकटाच, असं माझं मत होतं. मी गर्दी बाजूला सारत पुढे झालो आणि पियानोच्या मागे जाऊन भाता शोधू लागलो. भाता सापडेना. खाली पाहिलं तर पायाशी दोन पितळी पट्ट्या. नाटक कंपनीकडे मी पायपेटी पाहिली होती. "हवा पायानं भरावी लागते," असं जमलेल्या मंडळींना समजावून मी दोन्ही पायांनी दणादण मारू लागलो. बराच वेळ मारलं. घाम आला. आवाज काही आला नाही.

खालानं पान तोंडातल्या तोंडात या गालातून त्या गालात सारलं आणि म्हणाली, "बाबू, ते सायकल नाई हो. कुठं जाऊन राह्यले?"

तेव्हापासून मी 'पेटीवाले बाबू' झालो. हा किताब तिनं मला शेवटपर्यंत लावला.

खालाची शिकवण अशी. काळ्या पट्ट्यांत दोनांची जोडी ती बकऱ्या, तिघांची टोळी ते भाऊ. आधी लेकरानं सगळ्या बकऱ्या शोधायच्या, मग सगळे भाऊ. बकऱ्यांच्या मधली पांढरी पट्टी म्हणजे कडबा. मग गाणी. गाणी तिच्याजवळ दोनच होती. एक माडीवर चढायचं, एक माडीवरून उतरायचं. आमच्या मोहल्ल्यात माडी एकाही घराला नव्हती, तरी लेकरं दिवसभर चढत आणि उतरत.

शेजारच्या खोलीत तिचा भाऊ कापूस पिंजत बसे. लेकरं त्याला मामू म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्याच्या पिंजणाच्या धनुकलीला ताणलेली तात तुंग-तुंग वाजे आणि त्याच ठेक्यावर इकडे लेकरं चढत-उतरत. मामू कधी कधी वैतागून ओरडे, "आपा, बंद कर वो ते! मले माह्यं पिंजणं ऐकू नाई येऊन राह्यलं!"

"तुह्याजवळ एकच तात हाय," खाला आतून म्हणे, "माह्याजवळ किती हायेत ते पाह्य. कोनं बंद करायचं, तूच सांग."

आमची सुमी तिथे जाऊ लागली तेव्हा साडेतीन वर्षांची होती. घरी एका जागी बसेल तर शपथ, पण तिथे गाद्यांच्या उतरंडीवर राणीसारखी बसे. घरी आल्यावर पोळपाटावर बोटं गोल करून बकऱ्या शोधे. माझी हार्मोनियम खुंटीखाली उघडी पडलेली असायची, तिच्याकडे ढुंकून पाहत नसे. एकदा मी खालाला म्हटलं, "माडीच्या पुढचं मी शिकवतो लेकरांना. सरगम आहे, अलंकार आहेत."

"शिकवा ना, बाबू," खाला म्हणाली. "घरापासून सुरू करा. घरात कोनी ऐकते काय तुमचं?"

आमची ही तेव्हा दारात उभी होती. ती इतकी हसली की मी विषय वाढवला नाही.

दोन्ही गाणी बोर न सांडता वाजवली की लेकराची रवानगी होई. खाला त्याला पोटाशी धरायची, कपाळावर बोटं मोडायची आणि म्हणायची, "झालं तुह्यं. जाय आता." लेकरू विचारी, "पुढचं?"

"पुढचं विलायतेत. माह्याजवळ इतकंच हाय."

लेकरं रडत घरी येत. सुमी तर दोन दिवस जेवली नाही. ती विलायतेचं तिकीट मागत होती आणि मी प्रेसमधला कारकून होतो.

आता खरी गोष्ट.

मामूच्या मुलाचं लग्न झालं, आणि वर्षभरानं सून माहेराहून, कामरगावहून, बाळंतपण आटपून परतली. तिला सगळे दुल्हन म्हणत. बोलायला नरम, पण शब्दाची पक्की. तिचं बाळ, मुन्ना, झोळीत डोळा लागतो न लागतो तोच पेटीवर कोणीतरी माडी चढायला लागे आणि मुन्ना दचकून टाहो फोडी. आश्चर्य म्हणजे पिंजणाच्या आवाजात तो खुशाल झोपे. दुल्हनचं माहेरही पिंजाऱ्याचंच, त्यामुळे जन्मल्यापासून तो आवाज ऐकलेला. पण पियानोचा टणत्कार त्याला सोसेना. दुल्हननं महिनाभर सोसलं. मग एक दिवस सासऱ्याला सांगितलं, "अब्बा, घरात एक तर पेटी राहीन, नाई तर लेकरू. मी लेकरू घेऊन कामरगावले जातो. पेटी गेली की बोलावजा."

यात ती चुकली असं मला आजही म्हणवत नाही. ज्याच्या घरात न झोपणारं बाळ होतं, त्यानं तरी तिला बोल लावू नये.

मामूनं तिला दोन दिवस थांबवलं आणि सुताराला बोलावलं. सुतारानं पियानोला वीत लावून पाहिली, बोटांनी टकटक केली आणि म्हणाला, "लाकूड एक नंबर हाय. दोन कपाटं निघतीन. उद्या येतो."

खाला त्या दिवशी भांडली नाही. ती पेटीला पाठ टेकून जमिनीवर बसून राहिली. पान लावलं, पण तोंडात घातलं नाही. मी गेलो तेव्हा सायकलीचा विनोदही केला नाही. म्हणाली, "बाबू, तीन लेकरं या मांडीवरून उठून आगबोटीत गेली. रडायची माह्या गळ्यात पडून. त्यायची बोटं जिथं टेकली, ते एवढं राह्यलं होतं." आणि मग हातातल्या पानाकडे पाहत म्हणाली, "दुल्हनचंबी बरोबरच हाय ना."

तुम्ही माझ्या जागी असता तर गप्प बसला असता. मी बसलो नाही. पेटीवाला बाबू होतो ना. मी म्हटलं, "आवाज कमी करता येतो! मला पाहू द्या." आणि पियानोची वरची फळी उघडली. आत हातोड्यांची रांग होती. पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते, एवढं मला दिसलं. हातोड्यांच्या तोंडाशी दाबलेल्या लोकरीचा नमदा होता. तो कसरीनं आणि उंदरांनी जागोजाग खाल्लेला. मी गंभीर चेहरा केला. "नमदा गेलाय. म्हणून टणटण. इथे काहीतरी मऊ बसवलं की काम झालं."

मामू दारात उभा होता. तो पुढे आला. "मऊ?" तो म्हणाला. "बाबू, मऊचं काम तर माह्यं हाय."

तुम्ही पिंजाऱ्याला असं म्हणून पाहा. त्यानं घरातली उत्तम रुई काढली आणि दुपारभर पिंजली. नवरीच्या उशीला जशी पिंजतात तशी. धुनकून धुनकून तिचं धुकं केलं. मग एकेका हातोडीवर त्याचा गुबगुबीत पुंजका बसवून दोऱ्यानं बांधला. मी शेजारी बसून पुंजके हातात देत होतो आणि "अजून थोडा घाला" म्हणत होतो. थोडा, थोडा करता प्रत्येक हातोडीला पगडी चढली.

शेवटची गाठ मारून झाली. खालानं एक पट्टी दाबली.

भुप्.

दुसरी दाबली. भुप्. गोधडीच्या घडीखालून कोणी कुणाला हळूच हाक मारावी, तसं काहीतरी. मामूनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. साहेबाच्या देशातून समुद्र ओलांडून आलेलं वाद्य एका दुपारी मी जिवानिशी मारलं होतं, आणि वर पगड्या बांधून.

खालानं पेटीच्या लाकडाला कान लावला. कान लावूनच माडी चढली, माडी उतरली. मग तिनं डोळे मिटून पुन्हा एकदा केलं.

आतल्या खोलीतून दुल्हननं खालाला विचारलं, "फुफी, वाजवून राह्यल्या काय?"

"हाव."

झोळीची दोरी थोडा वेळ कुरकुरली. आतून मुन्नाचा आवाज आला नाही.

"मंग वाजवा ना," दुल्हन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुतार आला तो करवत घेऊन आणि गेला तो मामूनं फुकट भरून दिलेली रजई घेऊन.

त्यानंतर लेकरं पेटीला कान लावून वाजवायला शिकली. एक हात पट्टीवर, कान लाकडावर आणि श्वास रोखलेला. मोहल्ल्यातली सगळ्यांत दांडगी पोट्टी तिथे अशी बसत की जणू आत कोणी गुपित सांगतंय. त्यांच्या आया खूश. मी ओट्यावर सांगत सुटलो की हे सगळं मी आधीच योजलं होतं. खाला ते ऐकून म्हणाली, "पेटीवाल्या बाबूनं पेटीचा गळा दाबला, अन् पेटी वाचली. अल्लाची करनी हाय. बाबूची असती तं पेटी मेली असती."

मुन्ना तिचा सगळ्यांत लहान शागीर्द. बसायला लागला तोच गाद्यांच्या उतरंडीवर. बोर धरायच्याही आधी तो पेटीला कान लावायला शिकला. चढायचं गाणं त्याला आलं होतं. उतरायचं अर्धं झालं होतं, आणि तो तीन-चार वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात, बोरं बाजारात आली त्याच सुमाराला, खाला तापानं गेली.

मला काही सुचेना. आणि मला काही सुचेनासं झालं की मी काहीतरी करतो, हे एव्हाना तुम्हाला कळलं असेल. अमरावतीला एका बंगल्यावर पियानो जुळवणारा कारागीर आल्याचं कळलं. मी त्याची मनधरणी करून त्याला कारंज्याला आणलं. म्हटलं, खालाची आठवण म्हणून पेटी नीट करून घेऊ. त्यानं फळी उघडली, कपाळाला हात लावला आणि विचारलं, "हे कोणी केलं?" मी मामूकडे बोट दाखवलं. मामूनं माझ्याकडे दाखवलं.

कारागिरानं सगळा कापूस उपटून जमिनीवर टाकला, नवा नमदा बसवला, तारा ताणल्या आणि दोन्ही हातांनी एकदम काहीतरी वाजवलं. घर दणाणलं. मोहल्ल्यातली माणसं दारात आली. वाद्य फार उत्तम बोलत होतं. मुन्ना दोन्ही कान दाबून आईच्या मागे लपला. "हे खालाची नाई," तो म्हणाला. "खालाची आतून बोलते."

कारागीर गेला. मामूनं फळी पुन्हा उघडली. मग खाली बसून कापसाचे पुंजके गोळा करू लागला. एकावर फुंकर मारली, बोटांत उलगडून पाहिला. "अजून चांगला हाय," तो म्हणाला. मी शेजारी बसलो आणि एकेक पुंजका त्याच्या हातात देऊ लागलो. या वेळी "अजून थोडा घाला" असं दुल्हन म्हणत होती.

झाल्यावर तिनं मुन्नाला गाद्यांवर बसवलं आणि त्याच्या तळहातांखाली दोन बोरं ठेवली. त्यानं कान लावला. चढला. मग अर्ध्यापर्यंत उतरला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "पेटीवाले बाबू, पुढचं?"

उतरायचं उरलेलं गाणं मला येत होतं. इतक्या वर्षांत दारातून जाता-येता ते कुणाला आलं नसतं? खालाचं वाक्य ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. त्याच्याजवळ बसलो, तळहात पोकळ केला, आणि पहिली पट्टी शोधायला त्याच्यासारखाच कान लाकडाला लावला. दुल्हननं माझ्याही हाताखाली एक बोर सारलं.

बाहेर ओट्यावर माणसं बसली होती. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणून मी वाजवत असूनही कोणी उठून गेलं नाही.