राखाडी थर सुकेपर्यंत

आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते. तिचा एकच फोटो घरात आहे, तोही कृष्णधवल. त्यावरून तिचं तैलचित्र करायचं मी पंचेचाळिशीत मनावर घेतलं, कारण तिचा रंग ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं होतं. बाबा. आणि त्यांना विसरायला होऊ लागलं होतं.

बाबांनी जन्मभर खोपटला दुकानांच्या पाट्या रंगवल्या. सकाळी हातात घेतलेली पाटी संध्याकाळी टांगायची, ही त्यांची शिस्त. माझी पद्धत जुनी. सगळा चेहरा आधी नुसत्या राखाडीत, उजेड-सावलीसकट पुरा करायचा. तो पक्का सुकला की वर जवसाच्या तेलात कालवलेला पातळ रंग, थरावर थर. खालचा थर ओला असताना वरचा दिला तर पुढे चित्राला भेगा पडतात.

वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत बाबा रोज कॅनव्हाससमोर खुर्ची टाकून बसत. "अगं, गेलेल्या माणसाला अजून किती मारशील? रंग भर की!"

"सुकू दे, बाबा."

एकदा ते आपणहून सांगू लागले, "हिच्या गालांना ना, ऊन लागलं की..."

माझा ब्रश ओठांच्या कडेवर होता. मी खेकसले, "आत्ता नको हो! रंगाचं नंतर बघू." काम चालू असताना कोणी बोललेलं मला खपत नाही, तिरसटच आहे मी.

पावसाळ्याच्या दमट हवेत थर सुकायला दीड महिना लागला. मी बोट लावून बघायची आणि आणखी चार दिवस थांबायची. बाबा तिच्याकडे बघत बसून असायचे. मध्ये त्यांना जेवल्याचंही आठवेनासं झालं, तरी मी हललेच नाही. पद्धत म्हणजे पद्धत! आज त्या हट्टाची मला लाज वाटते.

शेवटी पॅलेटवर पिवळा, गेरू आणि थोडा लाल काढून मी त्यांच्याजवळ स्टूल ओढलं. "बाबा, आता सांगा. आई गोरी होती की सावळी? गालांचा रंग कसा होता?"

ते चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. एके काळी नुसत्या नजरेने कुठलीही छटा जुळवणारा हा माणूस. मग माझ्याकडे वळून खुशीत म्हणाले, "अशीच होती गं. अगदी अशीच. राखाडी."